स्टार्ट रिलेतली पट्टी

मंगळवार, ८ ऑक्टोबर

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर उगाच 'गेला' असं लिहू नकोस.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. पंचवीस सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की बॉलने पिना उडवायच्या त्या बोलिंगच्या मशीनचा दोष अखेर सापडला, खेळ सुरू करणाऱ्या स्टार्ट रिलेचे पॉइंट गंजले होते, मी पॉलिश पेपर फिरवला आणि मशीन चालू झालं. ते तसं नाही. पॉइंट गंजलेले नव्हते. दोन पॉइंट एकमेकांना टेकत नव्हते, मध्ये कागदाची एक पट्टी होती. ती चिमट्याने काढली आणि मशीन चालू झालं. पॉलिश पेपर मी नंतर फिरवला, तोही हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

पट्टी चौकटीच्या वहीची आहे. साडेतीन सेंटिमीटर लांब, एक चौकट रुंद. कात्रीने कापलेली, पण कड वाकडी गेलेली.

आता घरची खबर. बाबा रोज संध्याकाळी मागच्या खोलीत स्टूल टाकून बसतात आणि मला सूचना देतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून सूचना मोठ्या आवाजात असतात. "ती लाल तार बघ गं, लाल!" मी म्हणते, बाबा, लाल तारा एकशे चाळीस आहेत. मग ते म्हणतात, "मग सगळ्या बघ." आई मशीनच्या, बॉल सोडायच्या लाकडी पट्ट्यावर इस्त्री करते. तेरा फूट लांब, गुळगुळीत, कमरेच्या उंचीचं टेबल तिला जन्मात दुसरं मिळणार नाही, असं तिचं म्हणणं. आत्या आली की दारातूनच सुरू होते, "या घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि हे धूड मात्र ऐसपैस झोपलंय." परवा तिनेच तीन वेळा बॉल टाकला आणि एकही पिन उडाली नाही तर म्हणाली, मशीन तिरकं आहे. मी बुडबुड्याची लेव्हल लावून दाखवली. ती म्हणाली, लेव्हल तिरकी आहे.

मशीनचं तुला सविस्तर सांगायचं राहिलंच. जूनमध्ये बाबा स्वतःहून म्हणाले, "उघड एकदा ते, बघ काही होतंय का." चौदा वर्षांनी त्यांनी झाकणाची किल्ली दिली. आपलं खेळांच्या मशिनांचं पार्लर बंद झालं तेव्हा बाकीची सगळी मशिनं गेली, हे एकच घरी आलं, हे तुझ्यासमोरचंच आहे. त्यानंतर त्याच्यावर चादर पडली ती पडलीच. आत काय काय निघालं सांगू? तीन मेलेली झुरळं, एक कंगवा, आणि तुझा तो छोटा स्क्रूड्रायव्हर, ज्याच्यावरून तू जिराफाशी दोन दिवस बोलत नव्हतास. जिराफाला मी सांगितलं. पार्लरच्या दारावर तिकिटं फाडणारा तो उंच माणूस आता पार वाकलाय, पण हे ऐकून ताठ उभा राहिला. "तेव्हाच म्हणालो होतो मी घेतला नाही!" म्हणाला. त्याची माफी तू वेगळ्या पत्रात माग.

दहाही पिनांच्या दोऱ्या नवीन घातल्या. बॉलखाली दबणाऱ्या तारांच्या स्प्रिंगा एकेक सरळ केल्या. स्कोअरच्या चक्रांमध्ये ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, ते स्पिरिटने धुतलं. छापखान्यातून सहाला यायचं, आठपर्यंत मशीन. दिवसभर दुसऱ्यांच्या छापलेल्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी तारांच्या. रिले मी तू शिकवलंस त्याच क्रमाने घेतले, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. फक्त एक क्रम मोडला. स्टार्ट रिले सगळ्यात शेवटी ठेवला.

तो शेवटी का ठेवला, हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. गंजाचं लिहिलं. त्याला मी वर 'ते तसं नाही' म्हटलंय. पण चूक आणि खोटं यातला फरक मला तूच शिकवलास. अकराव्या वर्षी शाळेत जाईपर्यंत माझी शाळा म्हणजे हे घरच. आईकडे वाचन, आजोबांकडे नकाशे, आणि तुझ्याकडे गणित आणि वीज. मी उत्तर चुकलं की कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची, म्हणून तू मला खोडरबर म्हणायचास. पहिल्याच आठवड्यात तू माझं रबर काढून घेतलंस. म्हणालास, "चुकलं तर एक रेघ मार, वर बरोबर लिही. झाकलंस तर मला कळणार कसं, तू कुठे अडलीस ते?"

तर गंजाचं ते खोटं होतं, काका. पट्टी तिथे आहे हे मला झाकण उघडायच्या आधीपासून माहीत होतं. ती मी घातली होती.

तुला तो तपकिरी कोटातला माणूस आठवत असेलच. मशीन घ्यायला आला होता. आदल्या दिवशी बाबा आईला सांगत होते आणि मी स्वयंपाकघराच्या दारामागे होते. "मशीन जातंय, आणि त्याच्याबरोबर हाही जातोय. तिकडे त्यांना मिस्त्री हवाच आहे. याचं तिकडे बरं होईल." एवढंच मी ऐकलं. तुझं बरं होईल हेही ऐकलं, ते मला नीट आठवतं. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सकाळी तू आंघोळीला गेलास. झाकण उघडंच होतं. तूच महिनाभर आधी दाखवलं होतंस, दोष शोधताना एखादा स्विच बाजूला काढायचा तर तार कापायची नाही, पॉइंटांच्या मध्ये कागद घालायचा. आणि स्टार्ट रिलेवर बोट ठेवून म्हणाला होतास, "हा एकटा गप्प बसला की बाकीचे सगळे नुसते दिवे लावून बसतात." मी नऊ वर्षांची होते. गणिताच्या वहीचा कोपरा कापला.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला एकदा सगळं सलग लिहायचंय.

दिवे लागले. बटण दाबलं, पिना खाली आल्या नाहीत. बाबा म्हणाले, "अरे, कालपर्यंत चालत होतं ना?" तू म्हणालास, "होतं." तो माणूस घड्याळ बघत होता. तू टॉर्च घेऊन आत डोकं घातलंस आणि पाऊण तास बाहेर काढलं नाहीस. आत्या होती, जिराफ होता, आई चहा घेऊन दारात थांबली होती. मी पट्ट्याच्या टोकाशी दोन्ही हातांत बॉल धरून उभी होते. मग तू बाहेर आलास. कपाळाला काळं लागलं होतं. तू कुणाकडेच बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस.

"काय गं खोडरबर, तुला काय वाटतं? चालेल का आज?"

मी म्हणाले, "नाही चालणार."

तू टॉर्च बंद केलास आणि म्हणालास, "मला नाही जमत, दादा."

तो माणूस हसला, "हाच का तुमचा मिस्त्री?" आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "पंधरा वर्षं पक्कड हातात धरून हेच शिकलास?"

तो माणूस मशीन न घेताच गेला, आणि तीन आठवड्यांनी तू त्या लिफ्टच्या कंपनीत नोकरी धरून निघून गेलास. मला वाटलं होतं मशीन राहिलं की तू राहशील. नंतर चौदा वर्षांत तू एकदाच आलास, आजोबा गेले तेव्हा, आणि दारातूनच परतलास. बाबांचं तुझं बोलणं आईमार्फत. मी तुला पत्रं लिहीत राहिले, जवळजवळ दर महिन्याला, आणि प्रत्येक पत्रात हे सोडून सगळं लिहिलं.

इथपर्यंतचं पत्र मी सप्टेंबरमध्येच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. पण त्यानंतर एक गोष्ट झाली आणि आता हे नुसतं माझं कबूल करणं राहिलेलं नाही.

पट्टी मी टाकून दिली नव्हती, पाकिटात ठेवली होती. गेल्या गुरुवारी ती छापखान्यातल्या भिंगाखाली धरली. तिच्या कडेला पिवळं काहीतरी होतं. आधी वाटलं डिंक. नखाने खरवडलं तर मेण.

घरी येऊन रिले बघितला. तुझी सवय मला माहीत आहे. स्विच तपासला की कडेवर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ. बघितल्याशिवाय रेघ नाही. मशीनभर त्या रेघा आहेत, मला त्यांच्यामुळेच वाट सापडत गेली. स्टार्ट रिलेवरही आहे, पण अर्धीच. पट्टी परत तिच्या जागी सरकवली आणि रेघ पूर्ण झाली.

मी चार वेळा करून बघितलं. उलटी घालून, आत-बाहेर करून. एकाच जागी जुळते. म्हणजे तू रेघ मारलीस तेव्हा पट्टी आत होती आणि तुला दिसत होती. चौकटीची वही घरात एकच होती. रोज तूच तपासायचास.

तू बाहेर आलास तेव्हा तुला माहीत होतं. मला विचारलंस ते उगाच विचारलं नव्हतंस. मी 'हो' म्हणाले असते तर तू पट्टी काढून, कुणाला न सांगता, मशीन चालू केलं असतंस, नाही का? मी 'नाही' म्हणाले आणि तू ते उत्तर मान्य केलंस. नऊ वर्षांच्या मुलीचं उत्तर कुणी इतकं मान्य करतं का रे?

दुसऱ्या दिवशी गणिताला बसलो तेव्हा तू नवीन वही आणली होतीस. "जुनीची पानं सुटायला लागलीत," म्हणालास. सुटली नव्हती. जाताना ती जुनी वही तू बॅगेत घातलीस. मला वाटायचं, आठवण म्हणून नेलीस.

तुझ्यावर रागवावं असंही क्षणभर वाटलं. चौदा वर्षं मी एकटीच हे धरून बसलेय असं समजत होते, आणि दुसरं टोक तुझ्या हातात होतं. पण राग टिकला नाही. खूप वेळ हसले आणि मग रडले. आईने विचारलं काय झालं, मी म्हणाले स्पिरिट डोळ्यात गेलं. हेही खोटं. दुरुस्त करेन.

आता मुद्द्याचं. येत्या रविवारी बाबांनी सगळ्यांना बोलावलंय, पहिला खेळ मांडायला. आत्या, जिराफ, पार्लरचे जुने लोक. आणि बाबा काय बोलणार हे मला पाठ आहे, कारण गेले दोन आठवडे ते दूधवाल्यालासुद्धा सांगताहेत, "सख्ख्या भावाला जमलं नाही ते पोरीने करून दाखवलं." सांगताना त्यांचा चेहरा इतका आनंदी असतो की मला खाली बघावं लागतं. काका, त्यांना माझं कौतुक करायचं आहे, तुझा अपमान करायचा नाही. पण तुझ्या अपमानावाचून त्यांना माझं कौतुक सांगताच येत नाही, आणि मी ते ऐकून घेतेय.

रविवारी सगळ्यांसमोर सांगावं असं आधी ठरवलं. तुला बोललं गेलं ते सगळ्यांसमोर, तर दुरुस्तीही तिथेच. पण मग बाबा त्या खोलीत तसेच उभे राहतील जसा तू राहिला होतास, आणि ते मला पुन्हा एकदा बघायचं नाही. म्हणून त्यांना आधी एकट्याला सांगायचं. रविवारी लोकांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. ते गप्प राहिले तर मी बोलेन, हेही त्यांना सांगून ठेवणार आहे.

भीती वाटतेय. त्यांचं रागावणं परवडेल, पण ते काहीच बोलले नाहीत तर काय करायचं हे मला माहीत नाही. किंवा म्हणतील, "आता कशाला उकरतेस?" म्हणून नुसतं तोंडी सांगणार नाही. पट्टी मी परत रिलेत घातली आहे, रेघ जुळवून. कालपासून मशीनचे नुसते दिवे लागतात. बाबांना अजून कळलेलं नाही, आई त्यावर इस्त्री करतेय. बाबांनीच झाकण उघडायचं, टॉर्च मारायचा आणि बघायचं. तारांमधलं त्यांना काही कळत नसेल, पण तुझी रेघ ते झोपेतही ओळखतील.

हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शुक्रवार मी तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय, कारण बाबांच्या आधी तुला कळायला हवं. पण फोन करून "राहू दे गं, झालं गेलं" असं म्हणायचं नाही. तुला म्हणावंसं वाटेल, मला माहीत आहे. तुझं तेवढं एक ऐकणार नाही. तुला बाबांना भेटायचं नसेल तर नको भेटूस, त्याचा तुला हक्क आहे. मी तुला ये म्हणून बोलावत नाहीये. फक्त, ज्या घरात 'त्याला जमलं नाही' असं म्हणतात ते घर तुझ्या मागे आता नसेल.

आई शनिवारी दुपारी आत्याकडे जाते, बाबा चारला झोपून उठतात.

शनिवार, बारा ऑक्टोबर, दुपारी चार वाजता मी त्यांच्या हातात चिमटा देणार आहे.

तुझी विद्यार्थिनी