पहिल्या घागरीचा छापील पुरावा

मु. पो. करंजटेंभी, सायखेड्याजवळ
फाल्गुन वद्य एकादशी, सन २००९

चिरंजीव निवृत्ती यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू मागितलेला नाहीस, तरी पाठवते. माझ्याकडे एवढी एकच वस्तू आहे जी पोस्टात गहाळ होत नाही. मनमाडला नळाला पाणी हल्ली कितव्या दिवशी येतं? कुसाबाईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, मालिश करून गुडघे बरे होत नसतात, मालिश करणाऱ्याचं घर बरं चालतं. तुझी साखर वाढल्याचं कळलं. रेल्वेच्या चहानं तुला आतून एवढं गोड केलं, पण बोलण्यात ते कधी उतरलं नाही. पथ्य पाळ. पाळणार नाहीस ते ठाऊक आहे, पण लिहायची रीत आहे. इकडे सर्व खुशाल, हेही रीत म्हणूनच लिहिलं. खुशाल काही नाही.

आपल्या जाखमातेच्या जत्रेला पहिली घागर माझी, हे तुला सांगायला नको. पण स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारा माणूस तू, म्हणून सांगते. चैत्र पौर्णिमेच्या सकाळी मी अनवाणी गोदावरीवर जाते, घागर भरते (हल्ली नदीत पाण्यापेक्षा पानवेली जास्त, आधी त्या बाजूला साराव्या लागतात), डोक्यावर घेऊन देवळात येते आणि देवीवर ओतते. तोवर बाकी कोणी देवीला थेंब घालायचा नाही. एकदा आमदार आला होता, तोही हातात तांब्या धरून पाऊण तास उन्हात उभा होता. मी त्या दिवशी जरा सावकाशच चालले. लग्न होऊन या गावात आले त्या वर्षापासून, बावन्न वर्षं, हे चाललंय. माझ्या नावावर ना सातबारा, ना दारावरची पाटी. वर्षातून एक सकाळ सबंध गाव माझ्यासाठी खोळंबतं, तेवढं माझं. आणि ते आता जायच्या बेतात आहे.

भानगड धनराजपासून सुरू झाली. धनराज म्हणजे सायखेड्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो तो. (बाप तुला ठाऊक आहे. कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीला तोच आणि शेवटच्या पंगतीलाही तोच.) इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो, त्यात धनराजनं आपल्या गावाचं पान लिहिलं. ज्ञानकोश म्हटल्यावर मला वाटलं, चष्मे घातलेल्या माणसांनी वीस वर्षं खपून केलेलं काहीतरी असेल. तसं नाही. माझी सून सविता शाळेत मास्तरीण, तिनं मला समजावलं. (चौथीच्या वर्गाला समजावून तिचं भागत नाही, उरलेलं ती घरी आणते.) म्हणे हा कोश कोणीही लिहू शकतो. कोणीही म्हणजे कोणीही. पगार नाही, परीक्षा नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. मी म्हटलं, म्हणजे भंडाऱ्याची आमटी. येणारा-जाणारा चव बघतो, मूठभर मीठ टाकून जातो आणि खारट कोणी केली विचारलं तर गावानं केली. ती म्हणाली, "आत्याबाई, एकानं चुकीचं लिहिलं की दुसरा सुधारतो." मी विचारलं, आणि दुसरा चुकला तर? तर तिसरा. आणि तिसऱ्याचं कोण बघतं? ती म्हणाली, तुमचा चहा गार होतोय.

ते पान तिनं मला वाचून दाखवलं. निवृत्ती, आपल्या गावाचं मुख्य पीक नारळ व सुपारी आहे. हवा दमट आहे. लोक मासेमारी करून पोट भरतात. धनराजला घाई होती, म्हणून त्यानं कोकणातल्या कुठल्याशा गावाचं पान उचललं आणि वरचं नाव तेवढं बदललं. आपल्याकडे द्राक्षं, कांदे आणि भांडणं ही तीनच पिकं, त्यातलं तिसरं बारमाही. पण त्याची नोंद नाही. खाली 'गावातील प्रसिद्ध व्यक्ती' असं सदर आहे. त्यात एकच व्यक्ती, संगणकतज्ज्ञ धनराज. इथवर मला हसू येत होतं. मग शेवटची ओळ आली: 'जाखमातेच्या जत्रेत पहिल्या घागरीचा मान परंपरेने झुंबर यांच्या घराण्याकडे आहे.'

झुंबर म्हणजे मागल्या आळीचा, माजी सरपंच. त्याची बायको भागीबाई. तिच्या डोक्यावर आजवर मी घागर सोड, धड पदरही राहिलेला पाहिला नाही. मी धनराजला घरी बोलावून विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? म्हणाला, "आजी, फिल्डवर्क केलं." फिल्डवर्क म्हणजे काय, तर पानाच्या टपरीवर जाऊन विचारलं. तिथं कोण बसलं होतं? झुंबर. (सुपारीचं पीक म्हणाल तर तेवढं त्याच्या तोंडात असतं.) माझं घर टपरीपासून चाळीस पावलांवर. तेवढी त्याच्यानं टाकवली नाहीत.

मी म्हटलं, ठीक आहे, कोणीही लिहू शकतो ना, मग मीही कोणीच आहे. सवितानं शाळेच्या कॉम्प्युटरवर मी सांगितलं ते लिहिलं: 'हे खोटं आहे. मान नवसाबाईचा आहे.' तासाभरात पुसलं. कोणी पुसलं, तर 'ध्रुवतारा ७७' म्हणून कोणी आहे. नाव नाही, गाव नाही, कुणाचा कोण ठाऊक नाही; पण माझ्या घागरीवर अंमल त्याचा. त्यानं लिहिलं, संदर्भ द्या. आम्ही पुन्हा लिहिलं, 'संदर्भ: मी स्वतः नवसाबाई.' पुन्हा पुसलं, आणि वर उपदेश, स्वतःविषयी स्वतः लिहू नये. तत्त्व चांगलं आहे, मी मान्य करते. मग संगणकतज्ज्ञ कसा राहिला? तर त्याला म्हणे संदर्भ आहे, त्याच्याच क्लासचं माहितीपत्रक. बावन्न वर्षं माझ्या टाळूवर पितळ आपटलं, तिथं केस उगवत नाहीत, तो पुरावा नाही. आणि धनराजनं स्वतःच्या पैशानं छापलेला गुलाबी कागद पुरावा आहे. तिसऱ्यांदा मी जे सांगितलं ते सवितानं लिहायला नकार दिला, म्हणून मी तिथल्या शिपायाकडून लिहून घेतलं. त्यावर ध्रुवताऱ्यानं शाळेच्या कॉम्प्युटरलाच तिथं लिहायची बंदी घातली. आता माझ्यामुळे चौथीच्या पोरांनाही ज्ञान वाढवता येत नाही. नारळाला मात्र अजून कोणी हात लावलेला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोडून दिलं असतं. (दिलं नसतं.) पण जत्रा जवळ आली म्हणून नाशिकच्या एका पेपरानं आपल्या देवीवर बातमी केली. बातमीदार गावात आला नाही, त्यानं कोश उघडला. नारळ आणि मासे गाळण्याइतकी अक्कल त्याला होती, पण घागर त्यानं जशीच्या तशी उचलली. झालं, पेपरात छापून आलं, मान झुंबरचा. चार दिवसांनी सवितानं दाखवलं तर कोशात त्या ओळीच्या डोक्यावर बारीक एकचा आकडा बसलेला, आणि खाली संदर्भ म्हणून त्याच पेपराचं नाव. पेपरानं कोशातून घेतलं, कोश म्हणतो पेपरात आहे. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात आणि दोघंही सांगतात, याची काळजी नको, मी शुद्धीवर आहे, तसं ते. ध्रुवतारा आता समाधानी आहे.

मग देवळात जत्रा कमिटीची बैठक झाली. झुंबरनं कोशाचं पान आणि पेपराचं कात्रण दोन्ही लॅमिनेशन करून आणलं होतं. अध्यक्ष सावळीराम. या सावळीरामनं चाळीस जत्रांना घागर ओतून झाल्यावर माझ्याच घरी पुरणपोळी खाल्ली आहे, आणि मोजून नाही खाल्ली. तो ते चकचकीत कागद उलटेपालटे करून मला म्हणतो, "आक्का, आमी काय आंधळे हाय का? आमाला ठावं हाय घागर तुझी. पण हे छापील हाय. तुझ्याकडं छापील काय हाय?" मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना? म्हणाला, "डोळ्याचं काय, डोळ्याला मोतीबिंदू हाय." भागीबाई बायकांच्या बाजूला बसून पदराआड हसत होती. निकाल असा झाला की रामनवमीला पुन्हा बैठक. तोवर मी छापील पुरावा आणला तर ठीक, नाही तर यंदा घागर भागीबाईची.

तेव्हापासून मी छापील शोधते आहे. जत्रेची जुनी हँडबिलं पत्र्याच्या पेटीतून काढली, एकोणीसशे सहासष्टपासूनची. त्यात तमाशाच्या फडाचं नाव आहे, भोंगेवाल्याचं आहे, कुस्तीच्या पंचांचं आहे, एका वर्षी तर मंडपाला बांबू देणाऱ्याचं आहे. घागरीबद्दल एवढंच: 'सकाळी देवीस स्नान.' देवी आपली आपण न्हाते. मग फोटो आठवला. एक फोटोग्राफर नाशिक रोडहून आला होता, त्यानं माझा घागरीसकट फोटो काढला, तो निघाला. पण सासूनं शिकवल्याप्रमाणे पदर नाकापर्यंत. सावळीराम म्हणाला, "ही कोन बी असू शकती." खरं आहे. घागर स्पष्ट आली आहे. म्हटलं घागरीला द्या मान. शेवटी सविताला त्या बातमीदाराला फोन लावायला सांगितला. तो फार गोड बोलला. म्हणाला, "आजी, आम्ही बातमी छापतो, भांडण छापत नाही." आणि वर विचारलं, तुमच्याकडे काही छापील आहे का?

तर असं आहे. तू काळजी करू नकोस. मी काही मनाला लावून घेत नाही, या वयात माणसानं मानापमान सोडून द्यावेत, देवीला काय, कोणाच्याही हातचं पाणी सारखंच. कुसाबाईला नमस्कार सांग. तिला उन्हाळ्यात कुरडया पाठवीन. मागच्या वेळच्या कडक झाल्या असं ती तिच्या बहिणीजवळ बोलली, ते मला कळलं आहे.

तुझी,
नवसाआक्का

ता. क. वरचं शेवटचं खरं धरू नकोस. काम असं आहे. तुझा जावई पेपराच्या जाहिराती गोळा करतो ना, त्याला सांगून माझी निधनवार्ता छापून आण. मी खूप विचार केला. पेपरवाले जिवंत माणसाचं काही पुराव्याशिवाय छापत नाहीत, मेलेल्याचं मात्र जे लिहून द्याल ते छापतात. नाही तर एवढी सगळी माणसं मनमिळाऊ कशी असती? मजकूर असा: 'करंजटेंभी येथील जाखमातेच्या जत्रेतील पहिल्या घागरीच्या वंशपरंपरागत मानकरी श्रीमती नवसाबाई यांचे निधन.' 'वृद्धापकाळाने' घालू नकोस, भागीबाई माझ्याहून लहान आहे, तिला तेवढंच निमित्त पुरेल. 'मनमिळाऊ' तर मुळीच नको, लोकांना संशय येईल. पश्चात सून घालावीच लागली तर शेवटी घाल. दशक्रियेची जागा देऊ नकोस, माणसं जेवायला येतील. मग चार दिवसांनी खुलासा छापायचा की मानकरी नवसाबाई हयात आहेत, वाचकांनी नोंद घ्यावी. म्हणजे माझे दोन संदर्भ झाले, झुंबरचा एक. दोन्ही कात्रणं रामनवमीच्या आत माझ्या हातात पाहिजेत. मला येत्या अमावास्येला मार. त्यानं तेरावं पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उरकतं. एकदा मेले असं छापून आलं की भागीबाई माझ्या घराला सुतक लावायला कमी करणार नाही, मी समोर उभी असले तरी म्हणेल छापील सुतक ते सुतक. आणि सुतकात दुसऱ्याच्या हाती गेलेला मान परत येत नसतो.

ता. क. दुसरा. हे मला कसं ठाऊक, ते तुला आजवर सांगितलं नव्हतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी झुंबरच्या घरात त्याचा चुलता वारला, जत्रेच्या आधी सहा दिवस. तोवर घागर त्याच्या आईची होती, आणि तिच्या सासूची. आमच्या म्हातारीनं जाऊन त्यांचं सांत्वन केलं आणि म्हणाली, एवढ्या वर्षापुरती माझी नवी सून नेईल. पुढच्या वर्षी झुंबरची आई घागर घासून दारात उभी राहिली, तर आम्ही तासभर आधीच जाऊन ओतून आलो होतो. झुंबरची आई आणि आमची म्हातारी दोघी वारल्यावर हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले. झुंबर तेव्हा रांगत होता, तो टपरीवर बसून नुसती फुशारकी मारतो. म्हणजे त्या कोशात नारळ खोटा, मासे खोटे, संगणकतज्ज्ञ खोटा. एवढी एकच ओळ खरी, आणि तीही चुकून. म्हणून माझं म्हणणं बदलत नाही. कसेल त्याची जमीन असा सरकारचा कायदा आहे, मग वाहील तिची घागर का नाही? ध्रुवताऱ्यानं बावन्न वर्षं अनवाणी वाहून दाखवावी, मग संदर्भ मागावा.

ता. क. तिसरा. हे पत्र वाचून झालं की लगेच जाळ. तुमच्याकडे गॅस आहे ते माहीत आहे, तरी अंगणात जाऊन जाळ, आणि कुसाबाईला वाचून दाखवू नकोस. मान त्यांचा असल्याचा सबंध पंचक्रोशीत हा एवढाच खरा लेखी पुरावा आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे.