क्लच जड लागतो

अण्णा,

आधी काय काय केलं ते लिहिते.

१. माळावर पळवायला तुम्ही बांधलेली मोटरसायकल मीच चालवते. तिचा क्लच माझ्या डाव्या हाताला जड लागू लागला. केबल नवी टाकली, तिची वळणं कमी केली, तेल सोडलं. फरक नाही.

२. क्लचच्या स्प्रिंगा मऊ घातल्या. चढावर प्लेटा घसरू लागल्या. जुन्या परत बसवल्या.

३. इंजिनाकडचा क्लचचा दांडा लांब करून घेतला. ताणकाट्यावर लिव्हरची ओढ स्पष्ट कमी भरली. हाताला मात्र तेवढीच.

४. दगडांवर पंजा बधिर होतो म्हणून पुढच्या फोर्कात पातळ ऑईल घातलं, मागचा शॉकअप माझ्या वजनाला बेतून मऊ केला. धक्के कमी झाले. पंजा तसाच.

यातून निष्कर्ष एकच निघतो आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. तरी मी गाडी गॅरेजवर नेली. तुमच्यामागे ते गॅरेज तुमचे भागीदार, आमचे काका, बघतात. तुमची रीत त्यांनी मोडलेली नाही: ज्यानं क्लच बसवला त्यानं तो पास करायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्यांनी दोन बोटांनी लिव्हर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "ह्याच्यापेक्षा हलका केलास तर माशी बसली तरी दबंल की!" मला जड लागतोय, म्हटलं. "जड? लोण्यावानी हाय, पोरी." मग त्यांनी गाडीकडं बघायचं थांबवलं आणि माझ्या पंजाकडं बघितलं. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस आत गेलंय. मला ते दिसलं होतं. त्यांना दिसू नये असं वाटत होतं. "तुझा बाप बी शेवटच्या साली असंच म्हणायचा," एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला तो दिवस आठवतो: मी नववीत आहे, केजच्या बाजाराचा दिवस, गॅरेजसमोर जीपवाले आष्टीच्या नावानं ओरडतायत आणि तुम्ही मला हाक मारता. "इकडं ये. दाबून बघ." मी दाबते. "हलका हाय, अण्णा." "नीट बघ." मी पुन्हा दाबते. "हलकाच हाय की." "कळत न्हाई तर बोलू नको! जा घरी." चार माणसांसमोर तुम्ही मला असं कधी बोलला नव्हता. मी दाराशी थांबते. तुम्ही केबल पुन्हा खोलता, आणि नट डाव्या हातातून निसटला की तो आपणच टाकल्यासारखं करता. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्ही घाबरला होतात, हे मला आत्ता, माझ्या हातातून नट पडू लागल्यावर कळतंय. ती भीती आपण निदान वाटून घेतली असती. पुढं काही महिन्यांतच मांजरसुंब्याच्या उतारावर ट्रकनं तुम्हाला उडवलं. चूक ट्रकवाल्याची होती, तुमच्या हाताची नव्हे. पण त्यामुळं त्या हाताचं पुढं काय झालं असतं, हे कुणालाच बघायला मिळालं नाही.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी माझ्या नसा तपासल्या. घरात आधी कुणाला होतं, विचारलं. वडिलांना, म्हटलं. एकाच हातात की दोन्ही? मला माहीत नव्हतं. एकाच हातात राहिलं तर त्याच्याबरोबर जगता येतं, असं ते म्हणाले. दुसऱ्या शक्यतेबद्दल त्यांनी सांगितलं तेही मी ऐकून घेतलं. ते इथं लिहीत नाही. काकांना विचारलं, त्यांना आठवत नाही. आईला विचारायचं तर का विचारतेय हे सांगावं लागेल. तुम्ही तिला सांगितलं नव्हतं, मीही सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनाही एक गोष्ट सांगितली नाही. आठवडाभर उजव्या हाताला पुढचा ब्रेकही जड लागतोय. तो मी मोजलेला नाही, कुणाच्या हातात दिलेला नाही.

सोमवारी मला पुन्हा बोलावलंय. तुमच्या उजव्या हाताचं काय होतं, ते रविवारपर्यंत कळवा.