भट्टीच्या कट्ट्यावरचं दूध

प्रिय बाबा,

तुमचा निरोप मिळाला. धाकटीचं औषधपाणी उरकलं असेल तर रविवारी तिला आणि आईला गाडीत बसवून दे, मालकांशी बोलणं झालंय, सोमवारपासून ती माझ्याबरोबर बॅटऱ्यांच्या शेडमध्ये येईल, असं तुम्ही आपल्या शेजारच्या काकूंच्या फोनवरून सांगितलंत. मी काही न बोलता ऐकून घेतलं. बोलले असते तर तुम्ही ओरडला असता, मी रडले असते आणि काकूंना फुकटचा तमाशा बघायला मिळाला असता. म्हणून लिहितेय. धाकटी रविवारी येणार नाही. सोमवारी तर नाहीच नाही. का, ते पुढे लिहिलंय. तुम्हाला वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलंय. हे पत्र मालकांच्या कारकुनाकडून वाचून घेऊ नका. सावकाश वाचा, पण तुमचं तुम्ही वाचा.

धाकटीच्या रक्तात शिसं आहे. थोडंथोडकं नाही. ती आणि आई इकडे माझ्याकडे आल्यावर केलेल्या रक्ततपासणीचा निकाल आला तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, घरात शिशाचं काम कोण करतं? आई घाईघाईने म्हणाली, "घरात नाही हो बाई, हे बाहेर करतात. येताना अगदी स्वच्छ हातपाय धुऊन येतात." साफ खोटं. शेडमध्ये तुम्हाला धड नळ नाही हे मला माहीत आहे आणि आईलाही. पण तुमच्यावर काही येऊ लागलं की ती आधी मध्ये उभी राहते, तिला आता दुसरं काही जमतच नाही. डॉक्टरीणबाई तिच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी धाकटीचा खालचा ओठ, नखं, डोळ्यांच्या कडा बघितल्या आणि एकेक विचारत गेल्या. पोट दुखतं का, भूक लागते का, बारीकसारीक गोष्टीवर चिडते का, काल शिकवलेलं आज आठवतं का. बाबा, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडून आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं, फक्त वेगळ्या शब्दांत. पोट दुखलं की तुम्ही म्हणायचात, शाळा बुडवायची नाटकं. जेवली नाही की म्हणायचात, माज. पाढे विसरली की म्हणायचात, हिच्या डोक्यात भुसा भरलाय. एकाच इयत्तेत दुसऱ्यांदा बसली तेव्हा सगळ्या गल्लीसमोर तुम्ही हसत म्हणाला होतात, "आमच्या घरात एक बॅरिस्टर आणि एक दगड, हिशेब बरोबर!" लोक हसले. धाकटीही हसली. तिला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

मी बॅरिस्टर. पदवी घेतली म्हणून तुम्ही माझं हे नाव ठेवलंत आणि शेडभर पेढे वाटल्यासारखं सांगत सुटलात. मलाही ते नाव आवडायचं. आता ते ऐकलं की अंगावर काटा येतो. मी जन्मले तेव्हा तुम्ही गोदामात पोती वाहत होता. घरी यायचात ते धान्याच्या धुळीने माखून, आणि मी तुमच्या कडेवर बसून तुमच्या केसांतली कुसं काढायचे. तुम्ही बॅटऱ्यांच्या शेडमध्ये लागलात आणि त्याच उन्हाळ्यात मला वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळाली. त्यानंतर मी घरी राहिले ती फक्त सुट्टीत. धाकटी जन्मली ती शेडच्या पगारावर, वाढली त्या घरात. आम्हा दोघींत अकलेचा फरक किती होता, हे आता कोणालाच कळणार नाही. लोक म्हणतात, थोरली हुशार निघाली. मी फक्त आधी निघाले, बाबा.

सुट्टीत आई मला तुमचा डबा घेऊन पाठवायची, तेव्हाचं शेड मला लख्ख आठवतं. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा ढीग, कुऱ्हाडीच्या घावाने फुटणारी त्यांची पेटी, आतलं तेजाब थेट गटारात. प्लेटा काढून कढईत टाकायच्या, वरची मळी पळीने काढायची, मग साच्यात ओतायचं. ओतताना ते पाण्यासारखं चमकायचं आणि मला वाटायचं, माझे बाबा चांदी करतात. कॉलेजात शिसं या धातूवर प्रश्न आला होता. चिन्ह, वजन, उपयोग, सगळं मी बरोबर लिहिलं. उपयोगात बॅटरी लिहिली. पैकीच्या पैकी गुण मिळाले. तुमच्या अंगावरची राखाडी भुकटी आणि त्या पुस्तकातला धातू एकच आहेत, हे मला कोणी विचारलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसाची ही गत, तर तुम्हाला मी कोणत्या तोंडाने बोलू? तरी बोलणार आहे.

शिशाने माणूस आजारी पडतो हे पुढे कुठेतरी वाचलं, म्हणून मागच्या खेपेला मी घरी आले होते, तेव्हा सगळं सांगायचा प्रयत्न केला होता. तोंडाला फडकं बांधा, कपडे तिथेच बदला, आल्याबरोबर धाकटीला जवळ घेऊ नका. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "इतकी वर्षं लोखंड चावून पचवलंय मी, शिशाची काय बिशाद! आणि बॅरिस्टरीणबाई, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं." हे बोलताना तुमच्या हातातून पेला निसटला. उचललात, पुन्हा निसटला. तुम्ही पेल्याला शिवी दिलीत. बाबा, पेल्याचा काय दोष? भट्टीवाल्या मामांचं मनगट असंच लुळं पडलं होतं ना? मालकांनी शेडभर सांगितलं, दारूने झालं. मामांनी उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि ते तुमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण तुम्हीही मान हलवलीत. मामा गेले, त्यांच्या भट्टीवर तुम्ही आलात आणि घरी येऊन म्हणालात, मालक म्हणजे देवमाणूस, बढती दिली.

याच देवमाणसाचं एक सांगते. रोज दुपारी शेडमध्ये दूध यायचं, प्रत्येकाला पेलाभर. दूध प्यायलं की धूर पोटात बसत नाही, असं ते म्हणायचे आणि तुम्ही सगळे त्यांना दुवा द्यायचात. धुराने काही होत नाही असं ज्याला वाटतं, तो दूध कशाला वाटेल? त्याला माहीत होतं, बाबा. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नळ बसवण्यापेक्षा आणि धुराडं बांधण्यापेक्षा दूध स्वस्त पडलं, एवढंच.

आणि ते दूध तुम्ही कधी प्यायलात? धाकटी अशक्त, तिला अंगी लागेल, म्हणून तुमचा पेला तुम्ही किटलीत ओतून ठेवायचात. किटलीचं झाकण केव्हाच हरवलं होतं, म्हणून तिच्यावर गळ्यातला रुमाल टाकायचात, ज्याने दिवसभर घाम आणि हात पुसायचात तोच. आणि संध्याकाळपर्यंत कोमट राहावं म्हणून किटली भट्टीच्या कट्ट्यावर ठेवायचात. सगळी मळी जिथे उडायची तिथे. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारलं, तू काय काय खातेस-पितेस, तर पोरगी एवढी फुलली. म्हणाली, "माझे बाबा रोज माझ्यासाठी दूध आणतात. स्वतः पीत नाहीत, मला देतात." डॉक्टरीणबाईंनी आईकडे बघितलं. आईने दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन तिथे पडून असलेली किटली आणली, त्यांनी ती आतून पुसून तपासायला पाठवली. तळात, कडेला, कानाला, सगळीकडे शिसं. त्या म्हणाल्या, एकटं दूध नाही, तुमच्या कपड्यांतून, केसांतून, आपल्या उंबऱ्यावर तुम्ही कपडे झटकता त्या धुळीतूनही गेलं असेल. पण दूध रोज जात होतं, थेट पोटात जात होतं. सुट्टीत मी त्या दुधासाठी किती कुढायचे! मला कोरा चहा आणि तिला दूध. मी आईला विचारायचे, मी सावत्र आहे का गं?

हे तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ आईने मला घातली होती. माणूस हाय खाऊन मरेल, म्हणाली. इतर सगळं सांग, दुधाचं तेवढं गिळून टाक. मीही गिळलं असतं. तुम्ही तिला जीव लावलात त्याचंच विष झालं, हे बापाला ऐकवायची हौस कोणत्या मुलीला असेल? पण तुम्ही सोमवारचं ठरवलंत. शाळेत काही दिवे लावत नाही, निदान प्लेटा वेगळ्या करायला बसेल, माझ्या नजरेसमोर राहील, म्हणालात. म्हणून आता काही गिळायचं नाही असं ठरलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं सगळं परत येणार नाही. रक्त सुधारेल, पोटदुखी थांबेल, पण डोक्याचं किती भरून येईल ते सांगता येत नाही. एक अट मात्र त्यांनी तीनतीनदा सांगितली. आणखी जाता कामा नये. औषध द्यायचं आणि पुन्हा त्याच घरात, त्याच धुळीत पाठवायचं, म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरायचं. माझ्या खोलीजवळच्या शाळेत मी तिला घातलंय. तिथल्या बाई तिला दगड म्हणत नाहीत. काल तिने एक गणित सोडवलं. चुकलं, पण शेवटपर्यंत सोडवलं.

आता जे लिहायचं ते माझं नाही. तुम्हाला वाटत असेल, बॅरिस्टरने घर फोडलं. वाटू दे. पण हे पत्र मी माझ्या मनाने लिहायला बसले नाही, मला आईने बसवलंय. ती माझ्या शेजारी आहे, सकाळी धाकटी शाळेत गेल्यापासून मी लिहितेय आणि ती एकेक ओळ मला वाचायला लावतेय. तपासण्या चालू असताना डॉक्टरीणबाईंनी तिलाही तिचं विचारलं होतं. धाकटीनंतर दोनदा तिचं मूल पोटातच गेलं, ते कशाने? आई म्हणाली, नशिबाने. बाई म्हणाल्या, खात्रीने सांगता येणार नाही, पण घरात येणाऱ्या शिशानेही असू शकतं. त्या "असू शकतं"नंतर आई दोन दिवस धाकटीचे कपडे पुन्हा पुन्हा धूत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःची शपथ स्वतः मोडली आणि म्हणाली, लिही, दुधाचंही लिही, आणि हेही लिही की मीसुद्धा परत येणार नाही. तुमचे कपडे आता ती धुणार नाही. तिच्याकडची घराची किल्ली काकूंकडे आहे. मी तिला विचारलं, शेवटी "तुम्ही या" असं लिहू का? तिने आधीची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "काम सोडून या, असं लिही. नुसतं या लिहू नकोस."

काम सोडून या, बाबा.

तुमचीच,
थोरली