कुलपातली कॉफी

४ मार्च, सकाळ
आजपासून या घरात कॉफी मी करणार. ठरलं.
हिचा धाकटा भाऊ आठ दिवसांसाठी म्हणून आला, त्याला तिसरा महिना लागला. फर्निचरच्या दुकानात सेल्समन आहे. दिवसभर लोकांना खुर्च्या विकतो आणि घरी येऊन माझ्या खुर्चीत बसतो. इतकी वर्षं सकाळची कॉफी ही आणि मी, दोघंच गॅलरीत प्यायचो. आता हा पातेल्यात काहीतरी राड उकळतो, मध्ये येऊन बसतो आणि ही त्याला म्हणते, छान झालीये रे. माझ्या कशालाही आजवर 'छान' मिळालेलं नाही.
प्लॅन: कॉफीसाठी तीन बजेटं. गरीब, मध्यम, श्रीमंत. मेहुणा गरीब बजेटातच गारद होईल.

५ मार्च
गरीब बजेट. ताजी दळलेली पावडर आणि कापडी गाळणं. दुकानदाराने विचारलं, दूध किती घालता. त्याला काय करायचंय?
ही म्हणाली, बरी आहे. म्हणजे छानच. हिचं बोलणं मला कळतं.

६ मार्च
पावडरीचं पाकीट अर्धं रिकामं! जाब विचारला तर मेहुणा म्हणतो, भावजी, तुमची पावडर एक नंबर, पातेल्यात तर काय खुलते. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आणि घोडा कॉफी पितो.
पाकीट माझ्या कपाटात हलवलं. लोकरीच्या कपड्यांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या बाजूला. तोंडाला कपड्यांचा चिमटा. कुलूप. किल्ली खिशात. कुणालाही सांगितलेलं नाही.
धुळीने सर्दी झाली. नाक चोंदलंय.

९ मार्च
एक घोट घेऊन ही म्हणाली, अहो, याला कपाटासारखा वास येतोय. मला तर कसलाच वास येत नाही. समजावलं की चव जिभेला कळते, नाकाला नाही. तर म्हणते, मग माझी जीभ खराब असेल. मान्य केलं याचा आनंद झाला, पण कप तसाच ठेवून उठली.
निष्कर्ष: गरीब बजेटची लायकीच तेवढी.

१२ मार्च
मध्यम बजेट. अख्ख्या बिया, हाताने फिरवायची चक्की, दांडा दाबायचा काचेचा पॉट. बिया आणल्या आणल्या कपाटात.
दळून दळून खांदा गेला. मेहुणा मदतीला आला, त्याला हाकललं. त्याने घोट घेऊन विचारलं, भावजी, यात काही औषध घातलंय का? गाढवाला गुळाची चव काय! हिने स्वतःचा कप कुंडीत ओतला. झाडाला चालेल का, असं मला विचारून ओतला.

१५ मार्च
ऑफिसात एसी फार, म्हणून कपाटातला स्वेटर घालून गेलो. अकाउंट्सच्या बाई जवळून जाताना थांबल्या. म्हणाल्या, काय सुरेख कॉफीचा वास येतोय हो तुमच्याकडे! बाहेरच्यांना कळतं. फक्त घरातल्यांना कळत नाही. त्यांना समजून घ्यायचंच नाही.

२० मार्च
श्रीमंत बजेट. मशीन, हप्त्यांवर. ओट्यावर मावेना म्हणून गॅलरीतल्या टेबलावर बसवलं. हिची खुर्ची आत न्यावी लागली. ही विचारते, आता मी कुठे बसू? म्हटलं, चव घेताना उभं राहिलेलं बरं असतं. शिवाय नवा नियम: कॉफी पिताना बोलायचं नाही, लक्ष विचलित होतं.
दोघं स्वयंपाकघरात बसून पातेल्यातली प्यायली. हसण्याचे आवाज येत होते. मशीनचा आवाज मोठा आहे ते एक बरं.

२३ मार्च, रविवार
सोक्षमोक्ष. दोघांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. एक कप मशीनचा, एक पातेल्याचा. दोघांनीही तत्काळ पातेल्याच्या कपावर बोट ठेवलं. संगनमत! हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून मीही रुमाल बांधला आणि प्यायलो. मीही तोच कप निवडला. पण मला सर्दी आहे, त्यामुळे माझं मत बाद.
मेहुणा हसला. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझी राड तुझ्या घरी कर, असलं तर. हिने रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि मला परत दिला.

२५ मार्च
मेहुणा गेला! दोन गल्ल्या पलीकडे खोली मिळाली म्हणे. बॅग आणि पातेलं घेऊन गेला. पातेलं आमचं होतं. जाऊ दे, जिंकलेल्याने मोठं मन ठेवावं.
उद्या सकाळी गॅलरीत फक्त ही आणि मी. मशीन सरकवून खुर्ची परत ठेवली. कशीबशी मावली. बोलायचं नाही हा नियमही रद्द.

२६ मार्च, सकाळ
रात्री हिने वाफाऱ्याचं भांडं समोर ठेवलं. घेतला. नाक मोकळं झालं.
कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे आलो. बिया हुंगल्या. डांबर. पाकिटात डांबर, चक्कीत डांबर, एवढ्या मोठ्या मशीनमध्ये डांबर. कुलूप मेहुण्यामुळे लावावं लागलं, तेव्हा चूक त्याचीच. तरी हिला सांगायला धावलो. म्हणणार होतो, तुझी जीभ चांगली आहे.
ही चपला घालत होती. म्हणाली, आजपासून सकाळची चालायला जाणार. विचारलं, कुठवर? म्हणाली, दोन गल्ल्या. हातात कॉफीची गाळणी होती.
गॅलरीत बसलो. खुर्ची रिकामी. एकट्याने बसवत नाही. थंडी नव्हती, तरी स्वेटर घातला.
स्वेटरला कॉफीचा खरंच सुरेख वास येतो.