तुला न सोसलेला उजेड

आई, तुला अंधाऱ्या खोलीत पडलेली बघतच मी मोठी झाले. अर्धशिशी उठली की तू आपल्या गाझियाबादच्या फ्लॅटमधले सगळे पडदे ओढून घ्यायचीस, कपाळाला सुंठ उगाळून लावायचीस, आणि मी शाळेतून आल्यावर चपला हातात घेऊन घरात शिरायचे. अशा घरातल्या मुलीने दिव्यांचं काम निवडलं. मोठमोठ्या कॉन्सर्टचे रंगमंच आखायचे, कुठल्या सुराला कुठला उजेड पडेल ते ठरवायचं. बाबांनी "हे काय करिअर आहे?" म्हणून माझ्याशी अबोला धरला, तेव्हा तू पोळी लाटता लाटता एवढंच म्हणालीस, "करू दे तिला. मी येईन बघायला."

आणि आलीस. गुडगावच्या मैदानात, माझ्या एकटीच्या जबाबदारीवरचा पहिला शो. तू ठेवणीतली साडी नेसली होतीस आणि पर्समध्ये काळा चष्मा आणि गोळ्या होत्या. मी तुला माझ्या शेजारीच खुर्ची दिली. पहिल्या गाण्याला मी सगळे दिवे एकदम लखलखवले, माणसं किंचाळली, मला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या गाण्यात तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "छान आहे गं. मी जरा बाहेर बसते." हात गार पडला होता. मला जागा सोडता येईना. शो संपल्यावर धावत पार्किंगमध्ये गेले, तर तू टॅक्सीत डोळ्यांवर पदर घेऊन बसलेली, आणि ड्रायव्हर मला सांगतोय, "आंटीजी को उल्टियां हुईं. मैंने कहा घर छोड़ दूं, मानी ही नहीं. बोलीं, बेटी का प्रोग्राम है." परतताना तू विचारलंस, "शेवटी लोक एवढे ओरडले, तेव्हा काय केलं होतंस?" मी घरापर्यंत तुला एकेका गाण्याचा उजेड सांगत राहिले. तू डोळे मिटून ऐकत होतीस. पुन्हा तू आली नाहीस, मी बोलावलं नाही, आणि मग तू गेलीसच.

गेल्या हिवाळ्यात नोएडातल्या एका शोची तालीम चालू असताना माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला नागमोडी चमक दिसायला लागली. मग डोक्यात घण. डॉक्टर म्हणाल्या, हे आईकडून आलंय. शोच्या संध्याकाळी एक अख्खं गाणं मी एकाच उजेडात ठेवलं. मंद, पिवळसर, जराही न हलणारा. आयोजक माझ्या हेडफोनमध्ये ओरडत होता, "यार, ये क्या है? कुछ तो हिलाओ!" मी बटणांवरून हात काढून घेतले. गाणारी स्टेजवर सावकाश खाली बसली, लोकांनी वर धरलेले मोबाईल खाली केले, आणि ते एवढं मोठं मैदान नुसतं ऐकत राहिलं. इतकं सोपं होतं, आई. गुडगावला एक गाणं असं ठेवलं असतं तर तेवढं तरी तुला बघता आलं असतं. ते मला सुचायला तू जाऊन इतकी वर्षं का लागावीत?

आता सगळ्यांनाच तसं एक गाणं हवं असतं. कुठून सुचलं विचारलं की मी सांगते, माझ्या आईला उजेड सोसायचा नाही, तिच्यासाठी केलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. हा कागद मी फाडूनच टाकणार आहे, म्हणून तुला सांगते. त्या संध्याकाळी तू माझ्या मनातही नव्हतीस. माझंच डोकं फुटत होतं.