बिबट्याच्या कॅमेऱ्यातील भिकुबाई

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
सालईबारी परिक्षेत्र, ता. साक्री, जि. धुळे

अर्जदार : सुपडू दगा सुतार, वय ७३, धंदा सुतारकाम, रा. टेंभुर्णपाडा, ता. साक्री

विषय : अर्जदाराविरुद्धची लाकूडतोडीची केस बंद न करता कोर्टात पाठविणेबाबत.

संदर्भ : केस बंद करीत असल्याचे आपल्या कार्यालयाचे मागील आठवड्याचे पत्र.

महोदय,

अर्जदाराचा रामराम. अर्जदार उतारवयात साक्षरता वर्गात अक्षरे शिकला. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आहे, तरी चूकभूल पदरात घ्यावी.

१) अर्जदाराचा घरच्या घरी सुतारकामाचा लहानसा धंदा आहे. पाट, पोळपाट, झोपाळे, चिमण्यांची घरे बनतात. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, वाऱ्याने पडलेले नाहीतर वाळून गेलेलेच घ्यायचे, आणि घेतले की त्या जागी रोप लावायचे, ही रीत अर्जदाराची पत्नी भिकुबाई हिने घालून दिली. सून हेमांगी हिला फोटोचा नाद. लाकूड कापण्याआधी ती पडलेल्या झाडाचा फोटो काढते आणि वस्तूसोबत गिऱ्हाइकाला देते. दोंडाईच्याचे व्यापारी पारसभाऊ यांनी चिंचेच्या लाकडाचा झोपाळा नेला, तर त्या चिंचेचा फोटो देवघराशेजारी लावला. फोटो काढताना भिकुबाई मात्र बाजूला सरकायची. "मना फोटो कसाले? झाडना काढ. ते परत दिखाव नही," म्हणायची. त्यामुळे घरात झाडांचे फोटो पेटीभर आहेत, तिचा एकही नाही.

२) गेल्या वैशाखातल्या वादळात वना पवार यांच्या बांधावरचा जुना कडुलिंब आडवा झाला. बुंधा वनाभाऊंच्या शेतात, शेंडा आपल्या खात्याच्या हद्दीत. वनाभाऊंनी "घेऊन जा, नाना" म्हटले म्हणून अर्जदार व भिकुबाई झाड पाहायला गेले. भिकुबाईने रिवाजाप्रमाणे खोडाला कुंकू लावले व झाडाची माफी मागितली. समोरच्या सागावर आपल्या खात्याने बिबट्यासाठी कॅमेरा बांधला होता, हे दोघांना माहीत नव्हते. त्या दिवशी बिबट्या आला नाही, ही दोघे आली.

३) त्या फोटोवरून केस झाली. आरोपी क्र. २ भिकुबाई ही तोडीसाठी झाडावर लाल रंगाची खूण करीत असून आरोपी क्र. १ कुऱ्हाड घेऊन उभा आहे, असे कागदावर लिहिले गेले. जबाबासाठी दोघांना बोलावले, तेव्हा आपल्या कार्यालयातील लिपिकांनी कॉम्प्युटरचा पडदा वळवून फोटो दाखवला. भिकुबाईचा हात खोडावर, डोक्यावरचा पदर मागे गेलेला आणि तोंड सरळ कॅमेऱ्याकडे. तिने पडद्याजवळ जाऊन पाहिले. "हाई मी शे का? इतली म्हतारी शे का मी?" असे विचारले. अर्जदाराने "शे" असे सांगितले. लिपिक हसले. त्या हसण्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, भिकुबाईही हसली होती. परत येताना एसटीत तिने पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "फोटो बेस शे पण."

४) श्रावणात भिकुबाई तापाने गेली. आधार कार्डावरचा फोटो हेमांगीने साक्रीच्या स्टुडिओत मोठा करून पाहिला. तोंडाच्या जागी राखेसारखे ठिपके आले. दहाव्याला पाटावर फोटोऐवजी नुसता तांब्या ठेवावा लागला. अर्जदाराला तिचे हात आठवतात, नाकातली मुरणी आठवते. सगळे तोंड एकदम आठवत नाही. डोळे मिटले की झाडे दिसतात.

५) अर्जदाराने फोटोची प्रत मागितली. पुरावा आरोपीला देता येत नाही, असे प्रथम सांगण्यात आले. पुन्हा गेल्यावर, फोटोमुळे बिबट्याचा वावर उघड होतो, असे सांगण्यात आले. ती जागा अर्जदाराच्या घरामागेच आहे व बिबट्याने अर्जदाराची शेळी नेलेली आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणले, उपयोग झाला नाही. आता आपले पत्र आले की मोजणीत बुंधा खाजगी शेतात निघाला, आरोपी क्र. २ मयत आहे, सबब केस बंद करीत आहोत. लिपिक म्हणाले, "आबा, सुटलात. आता पेढे आणा." फोटोचे विचारले, तर म्हणाले, "केस बंद झाली की माणसांचे फोटो पुसून टाकतो. कॅमेरा जनावरांसाठी आहे ना."

६) अर्जदार धुळ्यास वकील रुपचंदभाऊ यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "नाना, सुटायला येणारे रोज भेटतात. अडकायला आलेले तुम्ही पहिलेच." पण केस कोर्टात गेली तर आरोपीला पुराव्याच्या नकला द्याव्या लागतात, हेही त्यांनीच सांगितले. म्हणून झाड आपणच तोडले असा कबुलीजबाब अर्जदाराने लिहून सोबत जोडला आहे. तो खोटा आहे. झाड वादळाने पडले. जबाब वाचून हेमांगी म्हणाली, "मामा, लोक म्हणतील, सुतार झाडं चोरतात आणि वर त्यांचे फोटो वाटतात." तिचे म्हणणे बरोबर आहे. धंद्याचे नाव जाईल आणि तिची मेहनतही जाईल. तरी जबाब जोडला आहे. मात्र भिकुबाईने तोडीची खूण केली, असे कबुलीजबाबात लिहिलेले नाही. तेवढे अर्जदार लिहिणार नाही.

७) तरी विनंती की, केस बंद करू नये. पुन्हा मोजणी करून बुंधा आपल्या हद्दीत निघत असल्यास अर्जदाराची हरकत नाही. अर्जदारास जी असेल ती शिक्षा व्हावी व फोटोची नक्कल मिळावी. नक्कल देणे नियमात बसत नसेल तर केस लांबवत ठेवावी. अर्जदार प्रत्येक तारखेस सकाळच्या एसटीने येऊन हजर राहील. दर तारखेस पुरावा म्हणून तो फोटो पडद्यावर उघडावा. अर्जदार हात लावणार नाही, लांबून उभा राहून पाहील.

आपल्या तारखेची वाट पाहणारा,
आरोपी क्र. १
सुपडू दगा सुतार (सही)
टेंभुर्णपाडा, दि. १४ ऑक्टोबर २०२४

सोबत : १) भिकुबाईच्या मृत्यू दाखल्याची प्रत. २) अर्जदाराचा कबुलीजबाब.