सव्वा मूठ पीठ आणि देव्हाऱ्यासमोरचा कॅमेरा

२३ जुलै, बुधवार

नव्या टीव्हीच्या रिमोटवर आकडेच नाहीत. कंपन्यांच्या नावांची चार बटणं, एक माइकचं. बातम्यांपर्यंत पोचायला सात वेळा दाबावं लागतं. वर मध्येच विचारतो, तुम्ही अजून बघताय का? नाही. डुलकी लागली होती.

स्तंभासाठी आठ भागांची नवी मालिका पाहिली. सगळे अंधारात उभे राहून पुटपुटतात. खेडं म्हणे खानदेशातलं. एकाच्याही तोंडी अहिराणीतलं ‘शे’ नाही, चुलीपुढच्या बाईच्या हाताला पीठ नाही. किळस आली. साडेपाचशे शब्द लिहिले. उद्या तीनच्या आत जातील. बत्तीस वर्षं डेस्कवर काढली, वेळ कधी चुकली नाही. निवृत्तीनंतरही नाही.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. धुळ्याहून नानाचा, थोरल्या भावाचा फोन. “मना गुडघा गयात रे. औंदा कानबाई तुनाकडे बसाड.” कानबाई म्हणजे आमची श्रावणात घरी बसवायची देवी; आजवर धुळ्याबाहेर बसली नाही. नानाला मूलबाळ नाही. म्हणजे आज ना उद्या ती आमच्याकडेच येणार होती. आणि आमच्यानंतर मुलाकडे, निखिलकडे.

बायको, सुमन, त्याच पावली पिंप्राळ्यातल्या गिरणीवाल्याला सांगून आली, आमचं दळण घेण्याआधी गिरणी धुऊन ठेव. मग पुण्याला निखिलला फोन. “पुढच्या रविवारी कानबाई. आपल्या घरी. येशील ना?”

“बघतो गं.”

तीन वर्षं बघतोच आहे.

२८ जुलै, सोमवार

वाट मुलाची, आला कॅमेरा बसवणारा. निखिलने परस्पर मागवला. देव्हाऱ्यासमोरच्या भिंतीत दोन भोकं. सोबत हुकूम ऐकणारी एक डबडीही.

“काका, याच्यातून दादांना सगळं दिसेल. ते बोलूपण शकतात.”

“दादा कोण?”

“ज्यांनी ऑर्डर दिली ते. दादा बघत असले की हा दिवा हिरवा होतो.”

संध्याकाळी दादांचा फोन. “बाबा, नेमकं रविवारीच ऑफिसचं मोठं काम आहे. पण मी इथून सगळं लाइव्ह बघेन. पिक्चर एकदम क्लिअर आहे.”

सुमनला सांगितलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, “रंग उडाला.”

३१ जुलै, गुरुवार

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजले. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. ते पीठ भाऊबंदांनीच खायचं, बाहेर द्यायचं नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. नानाची मूठ, माझी मूठ. मग सुमनने तिसरी भरली. वर पाव मूठही न विसरता. मी दारात उभा होतो.

“मोजली म्हणजे मोजली,” तीच म्हणाली.

त्या तिसऱ्या मुठीचं दळण वेगळं, पिवळ्या डब्यात.

स्तंभ दोन वाजता पाठवला. संपादक म्हणतात, पुढच्या वेळी ‘सणात तंत्रज्ञानाची गंमत’ असं काहीतरी हलकंफुलकं द्या. गंमत!

३ ऑगस्ट, रविवार

नाना-वहिनी सकाळच्या बसने आले. नारळाचीच कानबाई: त्याला नथ, डोळे, हिरवं वस्त्र. वहिनींचे हात अजून स्थिर. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, रोट. आरतीला गल्ली गोळा झाली.

नाना डबडीशी बोलायला गेला. “माय, कानबाईनं गानं लाव ना.” डबडी हिंदीत म्हणाली, समजलं नाही. नानाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तिने पुण्यातलं हवामान सांगितलं.

“हाई बाई कोनता गावनी शे रे?”

सगळी गल्ली हसली. मीही. एवढंच बरं त्या डबडीचं.

निखिल टीव्हीवर. बेचाळीस इंची. आरतीच्या ऐन मध्यावर चित्र गोठलं, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. सुमन त्या गोठलेल्या तोंडालाच ताट ओवाळू लागली. मला बघवेना. वायर उपटावीशी वाटली.

पंगतीत तीन पानं मांडलेली. नाना तिसऱ्या पानाकडे बघून म्हणाला, “तुना पोऱ्या टीव्हीमातून रोट खाई का रे? जो पंगतमा बठस, त्यानीच मूठ.”

सुमनने पान उचललं. डबा उघडला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन गिरणा नदीवर. पुढे डीजे. देवीच्या मिरवणुकीत आयटम साँग, आणि पोरी-बाया फुगडी मोबाइलकडे तोंड करून घालतायत. एकीने तर फुगडी थांबवून पुन्हा घातली, पहिली नीट आली नाही म्हणून. वहिनींचं गाणं त्या दणदणाटात दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

नाना-वहिनी पौर्णिमेपर्यंत इथेच. रोट संपवायचे आहेत.

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारी सुमन देव्हाऱ्यासमोर वाती वळत होती. भिंतीतून आवाज: “आई, अजून जेवली नाहीस?”

तिच्या हातातलं तेल सांडलं. मी धावलो. भिंत पुढे म्हणते, “आणि तो पिवळा डबा रोज तिथेच का असतो?”

बेल वाजवून यायची रीत होती या घराला. सख्ख्या मुलाने भिंतीतून डोकवायचं! टॉवेल घेतला, स्टुलावर चढलो, कॅमेरा झाकून टाकला. वरून दोन वेळा “बाबा? बाबा?” आणि मग गप्प.

रात्रीच्या जेवणात नानाने निखिलच्या डब्यावर तोडगा काढला. “त्यानं पीठ आपलामा मिसाडी टाक. खाई टाकसूत. विषय संपना.”

सुमन म्हणाली, “नाही.”

मी जरा जोरातच बोललो, आजकालच्या पोरांना कामापुढे काही सुचत नाही वगैरे. नाना शांतपणे घास चावत राहिला. मग म्हणाला, “तू पेपरमा व्हता तव्हय तीन साल उना नहीं. तुना वाटाना रोट कोन खादा? मीच. तुले सांगं नहीं, इतलंच.”

बत्तीस वर्षं वेळ चुकली नाही, असं मी वरच लिहिलंय. त्यातल्या तीन कानबाया.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी उठलो तर टॉवेल दोरीवर वाळत घातलेला. कॅमेरा उघडा.

“तूच काढलास?”

“त्याने डब्याचं विचारलं होतं. तुम्ही उत्तर द्यायच्या आधी तोंड झाकलंत त्याचं.”

मग माझ्यासमोरच तिने पिवळा डबा उचलला, देव्हाऱ्याच्या कडेवरून मधोमध आणला, झाकण काढलं. कॅमेऱ्याकडे बघून, शेजारणीला सांगावं तसं, “हे तुझं आहे. सव्वा मूठ. शनिवारी पौर्णिमा. मी खाणार नाही, नानांनाही देणार नाही.”

दिवा हिरवा होता की नाही, माझं लक्ष नव्हतं. तीन वाजून गेले. स्तंभ लिहिला नव्हता. संपादकांचा फोन आला तेव्हा आठवलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नानाच्या आणि माझ्या वाटचं पीठ सकाळी संपलं. निखिलचा फोन नाही. मी केला, बंद. पुण्याहून येणाऱ्या बसला दहा तास धरले तर निघायची वेळ अजून टळलेली नाही, असा हिशोब सकाळपासून चार वेळा केला. नाना दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस. वहिनींनी डबडीला विचारलं, पुण्याची बस कव्हय ई? तिने भजन लावलं.

पाच वाजता सुमन परात घेऊन देव्हाऱ्यासमोर बसली. डब्यातलं पीठ परातीत ओतलं. तांब्या हातात धरला आणि वर बघून विचारलं, “भिजवू, की थांबू?”

मी त्या भिंतीकडे बघतोय. दिवा हिरवा आहे. पाणी अजून तांब्यातच.